न मागता वाढायचं काय

नसीम, रडण्याआधी एक मूर्खपणा कबूल करून टाकते. तुला तो माहीत आहे, पण आता तू मध्येच तोंड घालू शकत नाहीस, तेव्हा पहिल्यांदाच मला तो सलग सांगता येईल.

मशीननं विचारलं आणि मी उत्तर दिलं. एवढंच. आपल्या नगरच्या कॉम्प्युटर क्लासला नवी मुलगी आली की तिच्या नावाचं खातं उघडायचं काम माझ्याकडे होतं. तो काळा पडदा एकेक प्रश्न पुढे करायचा. पूर्ण नाव? खोली क्रमांक? कामाचा फोन? घरचा फोन? "ताई, नाव घाला आणि पुढं नुसतं एंटर मारत जा," हे तू पहिल्याच दिवशी सांगितलं होतंस. पण मी पडले गणिताची मास्तरीण. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न जन्मभर दुसऱ्यांना घातलेला. तोच मला घातल्यावर मी कोरा पेपर देऊ? खोली क्रमांक म्हणजे काय ते कळेना, म्हणून त्यात मुलीचा पत्ता लिहिला. घरच्या फोनपुढे पी.पी. नंबर. तेव्हा घरोघरी फोन कुठे होते? शेजाऱ्यांकडे यायचा, मग ते भिंतीवरून हाक मारायचे. मी एकेका मुलीला समोर उभं करून विचारलं, "शेजारी फोन कुणाकडे गं?" आणि सगळं नीट भरलं. चष्मा नाकावर, पाठ ताठ, जनगणनेवर नेमल्यासारखी. ती बाई आज मला कुठे भेटली तर तिचा चष्मा काढून घेईन आणि तिला बाकावर उभी करीन.

परवा तुला नेलं. पुरुष तुझ्याबरोबर गेले, आम्ही बायका तुझ्या घरातच थांबलो. तू गेलीस याचं दुःख आहेच, पण खरं सांगू? त्याच्याआधी भीती येऊन बसली. आता विचारायचं कुणाला? नातीनं मला नवा फोन आणून दिलाय. त्यावर रोज काहीतरी उगवतं, 'परवानगी द्या', आणि माझा अंगठा हवेतच लटकतो. महिन्याभरापूर्वीपर्यंत मी तुला फोन लावायची आणि तू तिकडून ओरडायचीस, "नाही म्हणा ताई, नाही म्हणायला बिल येत नाही!" काल ते पुन्हा उगवलं. मी फोन उशीखाली घातला आणि उशीवर बसून राहिले. नात विचारते, "आजी, तुझा फोन कुठाय?" म्हटलं, उबवतेय.

आपलं भांडण जेवणाच्या पानावरून सुरू झालं, आठवतं? नव्वदीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. नगरचा आपला क्लास, जिल्ह्यातच बेलापूरला प्रकाश सांभाळायचा तो दुसरा, आणि तिसराही जिल्ह्यातच, डोंगरातल्या अकोल्यात काढायचा ठरलेला, मुलींच्या वसतिगृहात. मशीनं जुनी घेतलेली, त्यांचं पोट लहान. मासिकाबरोबर आलेल्या लिनक्स प्रणालीच्या तबकडीत मात्र शेकडो साधनं. सगळी मावणार नव्हती. आणि अकोल्याला डोंगरात काही अडलं तर विचारायला माणूस नाही, फोन लागला तर लागला. आपण जे बसवून देऊ तेच त्या मुलींना कॉम्प्युटर म्हणून मिळणार. मग काय बसवायचं?

तू माझ्याकडे जेवायला बसलीस. मी पान वाढायला घेतलं. आधी मीठ, मग लिंबाची फोड, चटणी.

"मी मीठ मागितलं नव्हतं," तू म्हणालीस.

"मीठ मागायला लावणारं घर कसलं ते?"

तुझा हात तिथंच थांबला. "हेच, ताई! हेच ठरवायचंय आपल्याला. न मागता वाढायचं काय, आणि मागितल्यावर वाढायचं काय."

त्या दिवसापासून आपला तो शब्दच झाला. मजकूर लिहायचं साधन हे मीठ, त्यावर वाद नाही. टपाल, म्हणजे ई-मेल, पाठवायचं साधन हेही मीठ. खेळ मला हवे होते, तू म्हणालीस ते मागितल्यावर. मी म्हटलं, पोरींना खेळ कसे मागायचे हेच माहीत नसेल तर? तू म्हणालीस, ठीक, एक खेळ, तुमच्या केसांकडे बघून. (तेव्हा फक्त कानशिलापाशी पांढरे होते. तुझी जीभ कायमच पुढची.)

खरा तंटा झाला तो 'फिंगर'वरून. आपण त्याला बोट म्हणायचो. कुणाच्याही नावाकडे बोट करावं, की ते माणूस आत्ता मशीनवर बसलंय का, आधी कधी बसलं होतं, त्याच्या खात्यात काय काय भरलंय, सगळं समोर. फोनची लाईन जोडली की नगरहून बेलापूरकडे बोट करता यायचं आणि बेलापूरहून नगरकडे. मी तर त्याच्या प्रेमातच पडले. सकाळी प्रकाशकडे बोट करायचं, तो आलेला नसला की त्याच्या घरमालकांकडे फोन करायचा, "प्रकाशला म्हणावं, अंथरुणातून ऊठ." त्या बिचाऱ्याला वाटायचं मला कसली तरी सिद्धी आहे. बेलापूरला गेले की मी तिथल्या मुलांपुढेही ती जादू करून दाखवायची. "बघा रे, नगरला आत्ता कोण बसलंय!"

तू म्हणायचीस, "हे न मागता वाढायचं नाही. ज्याच्याकडे बोट होतं त्याला कुणी विचारलंय का?"

"अगं, गंमत आहे नुसती!"

"तुमची गंमत, आणि दार दुसऱ्याचं उघडं."

"तुला ना, सगळीकडे चोरच दिसतात."

"आणि तुम्हाला सगळीकडे पाहुणे."

क्लास माझ्या नावावर होता, म्हणून मी जिंकले. नगरला आणि बेलापूरला बोट राहिलं. अकोल्याचं घोंगडं भिजत पडलं.

मंगल आपल्याकडे आली तेव्हा तिची पिंकी चार वर्षांची असेल. कर्जतकडची पोर, नगरला मावशीकडे राहायची, पीठगिरणीला लागून असलेल्या दोन खोल्यांत. का राहते ते तिनं आपल्या दोघींनाच सांगितलं होतं. नवऱ्यानं अंगावर रॉकेल ओतलं होतं. "काडी सादळलेली हुती," ती म्हणाली, "दुसरी काढंस्तवर म्या पळाले." अगदी सहज म्हणाली, पावसात छत्री विसरल्यासारखं. नवरा शोधत होता. म्हणून क्लासला तिनं माहेरचं नाव लावलं होतं. तू तिला खिडकीपासून लांबच्या मशीनवर बसवायचीस, रस्त्यावरून दिसू नये म्हणून. आणि मी? मी तिच्या रिकाम्या जागा भरल्या. पत्ता: पीठगिरणीशेजारी. फोन: गिरणीचा.

प्रकाशचा फोन आला ती सकाळ मला अजून तशीच्या तशी दिसते. मी हसतच उचलला, कारण तोही हसत होता.

"ताई, काल संध्याकाळच्या बॅचला गंमत झाली. साखर कारखान्यातली माणसं येतात ना, त्यांना मी तुमचं ते बोट दाखवलं. नगरला आत्ता कोण बसलंय बघा म्हटलं. तर एक जण ओरडला, अरे ही तर आमची वहिनी! मंगल हो. माहेरचं आडनाव ओळखलं त्यानं. त्यांनी पत्ताबित्ता उतरवून घेतला. तिला सांगा, पाहुणे भेटले म्हणून."

मी फोन ठेवला. तुझ्याकडे वळले. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस आणि हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवलास. इतकं आठवतं, की तू तो हळूच ठेवलास. एरवी तू वस्तू आदळायचीस.

मंगल त्या दिवशी दुपारच्या बॅचची. आपण रिक्षानं गिरणीवर गेलो. गिरणीच्या घरघरीत गिरणीवाल्या काकू ओरडून बोलत होत्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं.

"व्हय, आत्ताच आल्ता की फोन! मालकच ना तिचे? लई गोड बोलले. दुपारच्या गाडीनं येतो म्हनले. पन मंगलला सांगू नका म्हनले, तिला एकदम खूश करायचंय."

काकूंच्या भुवयांवर पीठ होतं आणि त्या हसत होत्या. त्यांचं काय चुकलं? फोन आला, त्यांनी विचारलेलं सांगितलं. माझ्यासारख्याच त्या.

त्यानंतर मी तिथंच पायरीवर बसकण मारली. नंतर तू ही गोष्ट सांगताना नेहमी म्हणायचीस, "ताईंनी त्या वेळी फार धीरानं विचार केला, बसून." चेष्टा करत होतीस की सांभाळून घेत होतीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचार सगळा तूच केलास. स्टँडवर जायचं नाही, कर्जतची गाडी तिथंच येणार. तुझ्या घरी नको, क्लासवरून तुझं घर कुणीही दाखवील. अकोल्याची मशीनं खोक्यांत बांधून पडली होती, पुढच्या आठवड्यात जाणार होती. तू भावाला बोलावलंस. "रफिक, टेम्पो आण. मशीनं आजच जातायत."

काय काय न्यायचं हे ठरवायला मंगलला वेळच नव्हता. तिनं पिंकीला उचललं, दोरीवरचे ओले कपडे पिशवीत कोंबले, आणि पोळपाट घेतलं. पोळपाट! लाटणं राहिलं. मावशी म्हणाली, "मी कुठंच जायची न्हाई, येऊ दे त्याला." तिला तिथं ठेवून निघताना तुझा चेहरा मी पाहिला. पहिल्यांदा कळलं की तूही भ्यालेली आहेस. मला वाटत होतं घाबरणं हे खातं तू माझ्याकडेच दिलंय.

टेम्पोत मागे खोकी, खोक्यांमध्ये आपण तिघी आणि पिंकी, वर ताडपत्री. राहुरी गेलं. प्रत्येक मोटरसायकल मागून आली की मंगल श्वास धरायची, आणि मीही. कोल्हारला पुलाच्या अलीकडे रफिक रेडिएटरमध्ये पाणी घालायला थांबला. कोल्हारहून बेलापूर किती लांब? तो पाहुणा तिथंच कुठंतरी चहा पीत असेल असं माझ्या मनानं घेतलं, आणि एकदा घेतल्यावर प्रत्येक आवाज त्याचाच.

कुणीतरी ताडपत्रीवर थाप मारली.

"काय माल हाय रं?"

दुसरी थाप, माझ्या कानापाशी.

"आत कोन हाय?"

आणि पिंकी मोठ्यांदा म्हणाली, "मी हाय!"

मंगलनं तिच्या तोंडावर हात दाबला, इतका जोरात की पोरीचे डोळे मोठे झाले. तुझा हात माझ्या मनगटावर होता, नखं रुतलेली.

बाहेरचा माणूस खदखदून हसला. "आयला, गणपा, खोक्यातला टीवी चालूच हाय की!"

दोघं हसत हसत लांब गेले. टेम्पो सुरू झाला. तुला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, मग मलाही, आणि मग मी रडत होते. मंगल मात्र हसली नाही. तिनं पिंकीच्या तोंडावरचा हात काढला, त्या जागी बोटांचे वळ उठले होते. त्यांवरून ती हात फिरवत राहिली. आणि तेव्हा विचारलं, "त्येला नंबर कुनी दिला?"

मी तोंड उघडलं. नसीम, खरंच उघडलं होतं.

"मशीननं," तू म्हणालीस. माझ्याकडे न बघता.

खोटं नव्हतं ते. पण ती भरणारी मी, बोट ठेवून घेणारी मी, बेलापूरला जादू दाखवणारी मी. आणि मी गप्प बसले. एवढी वर्षं. तू मला का वाचवलंस, हे तुला विचारायचं राहिलं, आणि धन्यवाद म्हणायचंही. मध्ये पंचवीसेक वर्षं पडली होती तरी वेळ मिळाला नाही म्हणते, बघ.

अकोल्याला पोचल्यावर वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी मंगलला आत नेलं. आपण मशीनं मांडली. तू तबकडी घातलीस आणि पडद्यावर एकेक नाव यायला लागलं, हे बसवू का, हे बसवू का. मी तुझ्या मागे उभी राहून प्रत्येकाला "नको" म्हणत होते. बोट नको. गप्पांचं नको. खेळ नको. टपाल नको.

तू खुर्ची वळवलीस. "टपाल पण नको?"

"काहीच नको. मशीन मुकं असू दे. मुकं असलं म्हणजे सांगणार नाही."

"आणि उद्या तो इथं आला, तर ही पोरगी आपल्याला सांगणार कशी? काल तुम्ही सगळं वाढत होतात, आज रिकामं पान मांडताय. दोन्ही वेळा खाणारीला विचारलं नाहीत."

मला राग आला होता. अजूनही थोडा आहे. तू बरोबर होतीस म्हणून नाही, तर इतक्या लवकर बरोबर होतीस म्हणून. मला अजून थरथरायचं होतं.

तू टपाल ठेवलंस. बोट बसवलं नाहीस. खातं उघडताना येणारे ते प्रश्नच काढून टाकलेस, फक्त नाव ठेवलंस, आणि तेही काहीही घातलं तरी चालेल असं. मी म्हटलं, तबकडीवरूनच पुसता येत नाही का ते बोट? तू म्हणालीस, "पुसून काय होणार? उद्या दुसरं कुणीतरी दुसरं काहीतरी हौसेनं काढेल. साधन वाईट नाही ताई. ज्याला हवं त्यानं मागावं, काय मागतोय ते कळून मागावं." मी म्हटलं, काही वस्तू जगात असूच नयेत. यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. तू दवाखान्यात होतीस तेव्हाही, नळ्या लावलेल्या, मला हळू आवाजात म्हणालीस, "मग सुरी पण नको का घरात?" मी म्हटलं, गप पड. हे माझे तुझ्याशी शेवटचे शब्द. गप पड. तू ऐकशील असं मला कधीच वाटलं नव्हतं.

मंगलचा नवरा त्या दुपारी आला होता. काकूंच्या गिरणीत दळणाच्या पोत्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिला. कुणाशी भांडला नाही, ओरडला नाही. काकूंनी दिलेला चहा प्याला. जाताना मावशीला म्हणाला, "मला घाई न्हाई." हे मावशीनं सांगितलं तेव्हापासून मला आरडाओरडा करणाऱ्या माणसांची भीती वाटत नाही. गोड बोलणाऱ्यांची वाटते. दुसऱ्या दिवशी तू एकटी बेलापूरला जाऊन आलीस, बोट काढून, आणि प्रकाशला काय बोललीस कुणास ठाऊक. पुढे महिनाभर तो मला "बाई" म्हणत होता. नगरचंही तूच काढलंस. मी बाजूला उभी राहून बघितलं. हात लावायची हिंमत झाली नाही.

अकोल्याहून मंगलचं टपाल यायचं, इंग्रजी अक्षरांत मराठी. 'sagla thik hay.' रोज. तेवढंच. एकदा पावसात लाईन बंद पडली आणि दोन दिवस आलं नाही, तर तू रफिकला घेऊन जायला निघाली होतीस. तिचा नवरा अकोल्यापर्यंत कधी पोचला नाही. का नाही, हे आपल्याला कळलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीची भीती संपत नाही. अजून दारावर अनोळखी थाप पडली की मी आधी पडद्याआडून बघते. नात हसते.

परवा तुझ्याकडे मंगल आली होती. केस पिकलेत तिचे. पिंकी आली नव्हती, ती पुण्याला नोकरी करते, मशीनचीच. तुझ्या भावजयीनं सगळ्यांना पाणी दिलं. तुला नेऊन झालं होतं, घर ओकंबोकं. मला वाटलं, आता सांगितलं नाही तर तुझं ते 'मशीननं' माझ्याबरोबर मातीत जाईल. मी मंगलला आतल्या खोलीत नेलं. म्हटलं, तुझा पत्ता, तुझा नंबर मशीनमध्ये मी भरला होता. नसीम नको म्हणत होती. रिकामं सोडलं असतं तरी चाललं असतं. मला ठाऊक होतं, तरी मी भरलं.

तिनं माझा हात सोडला नाही. रडलीही नाही. खिडकीकडे बघत म्हणाली:

"मला ठाव हुतं, ताई. तुमी नंबर ईचारला तवाच म्या भ्याले हुते. पन तुमी बाई हुता, तुमी ईचारत हुता. न्हाई कसं म्हनायचं, ते मला कुनी शिकिवलंच नव्हतं."